भंगाराच्या भरवशावर छप्पर नको

गाड्यांच्या भंगारातून घर बांधायचं म्हणणारे लोक येताना मोबाइलमध्ये अमेरिकेतले फोटो घेऊनच येतात. कॅलिफोर्नियात बर्कलीला असलेलं मॅकगी हाउस मलाही आवडतं. कार्ल वानासेल्या आणि केट लेजर या वास्तुकारांनी भंगारातल्या मोटारींचे टप कापून वरच्या भिंती बाहेरून मढवल्या, डॉज कॅराव्हॅनच्या काचांची झापं केली. पण तिथे टपांनी फक्त ऊनपाऊस झेलायचा; भार पेलणारं बांधकाम आत वेगळं आहे.

पनवेलकडच्या एका फार्महाउसवर नेमकं उलटं चाललं होतं. ओटीवरच्या छपराला ट्रकचे कमानपाटेच आधार म्हणून हवेत, असा मालकांचा हट्ट. वेल्डरने नेहमीच्या रॉडने पाटे चॅनलला जोडले. संध्याकाळी शिवण साफ दिसत होती. सकाळी तिच्या कडेने बारीक चीर, आणि हातोडीच्या एका ठोक्याला पाटा खाली. नशीब, वर अजून पत्रे चढले नव्हते. वेल्डरला बोल लावण्यात अर्थ नाही. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन जास्त. ते तापून झटकन थंड झालं की शिवणीलगत ठिसूळ होतं. त्यात वर्षानुवर्षं खड्डे खाल्लेला पाटा, आत कुठे चीर गेलीय हे डोळ्यांना कळत नाही. पाटे हवेतच ना? मग मूळच्या भोकांतून बोल्ट घालून अंगणातला बाक करा. छपराखाली हिशेबाचं नवं लोखंडच असू द्या.

गाडीच्या दाराच्या काचेला कटर लावूच नका. ती टफन्ड असते. कापायला गेलात तर अख्खी काच खडे होऊन पायाशी येते. आधी काच आणा, मग तिच्या मापाची चौकट करा. पुढच्या काचेत प्लास्टिकचा पापुद्रा असतो, काच फुटली तरी तो तुकडे धरून ठेवतो.

टायरांच्या भिंतींचं वेड न्यू मेक्सिकोतल्या ताओसहून आलं. मायकेल रेनॉल्ड्स यांनी तिथे मातीने ठासलेल्या टायरांची घरं बांधली, पण तो प्रदेश कोरडा. आपल्याकडे टायर पावसात उघडा पडला की पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास घर करतो. माती गच्च ठासा, वर लगेच गिलावा करा.

जुन्या एसटीचा अॅल्युमिनियमचा पत्रा मिळाला तर उत्तमच. मात्र लोखंडी सांगाड्यावर तो थेट ठोकलात, तर कोकणच्या खाऱ्या हवेत जोडापाशी तो खाल्ला जातो. मध्ये रबराची पट्टी घाला, रिव्हेटही अॅल्युमिनियमचेच घ्या.

गाडी कापण्याआधी टाकी आणि एअरबॅग काढून घेतल्यात ना, हे स्वतः पाहा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा बंद खोलीत वेल्ड केला, तर त्या धुराने कामगाराला रात्री थंडी वाजून ताप भरतो. माल नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातूनच घ्या आणि बिल जपून ठेवा. चोरीच्या गाडीचा टप भिंतीवर निघाला तर पोलिसांना काय सांगाल?

आणि स्वस्तात पडेल या आशेने येऊ नका. माल किलोच्या भावाने मिळतो खरा, पण रंग खरवडणं, वाकडं सरळ करणं, एकेका तुकड्याचं माप जुळवणं यात मजुरी मालाच्या वर जाते. अंदाजपत्रक करताना मजुरीचा रकाना आधी भरा.