फ्यूज वायरसाठी असतो, लाइटसाठी नाही : टूरिंग बाइकवर अॅक्सेसरी बसवण्याचा धडा



या आठवड्याचा व्हिडिओ गॅरेजवाल्यांसाठी आणि अॅक्सेसरीचं दुकान चालवणाऱ्यांसाठी होता. व्हिडिओत हात चालताना दिसतात, पण आकडेमोड पटकन निघून जाते. म्हणून ती इथे सविस्तर लिहितोय. हे पान मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि पुढची बाइक रॅम्पवर चढली की समोर उघडा.

गिऱ्हाईक कसं येतं ते तुम्हाला माहीत आहे. "दादा, पुढच्या आठवड्यात लडाखला निघतोय. फॉग लाइट, मोबाइल चार्जर आणि हातगरम ग्रिप, सगळं आजच्या आज लावून द्या." तुम्ही जोडून देता, लाइट लागतो, गिऱ्हाईक खूश होतं, पैसे मिळतात. पण तुमच्या कामाची परीक्षा दुकानात होत नाही. ती होते रात्री घाटात, पावसात, जिथे जवळचा मेकॅनिक ऐंशी किलोमीटरवर असतो. आणि जी वायर तुम्ही टाकीखालून नेली, तिच्या वर पंधरा लिटर पेट्रोल असतं. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

पायरी १ : आधी हिशेब, मग पक्कड

दुकानात जमाखर्च मांडता, तसाच बाइकच्या विजेचा मांडायचा. इंजिनवरची चार्जिंग कॉइल किती वॅट तयार करते, ही जमा. हेडलाइट, टेललाइट, इग्निशन, पेट्रोल पंप, मीटर, हा बाइकचा स्वतःचा खर्च. उरेल ती शिल्लक, आणि अॅक्सेसरी फक्त शिलकीतून लावायची.

एक गोष्ट विसरू नका. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत सतत सुरू राहतो. दिवसा हेडलाइट बंद करून वीज वाचवायची सोय नव्या गाड्यांना राहिलेली नाही.

समजा, मॅन्युअलप्रमाणे एका बाइकची कॉइल चालत्या वेगात २२० वॅट देते आणि बाइकचा स्वतःचा खर्च १२० वॅट आहे. शिल्लक १०० वॅट. त्यातला पाव भाग राखीव ठेवा, कारण ट्रॅफिकमध्ये आणि चढावर कमी आरपीएमला कॉइल पूर्ण वीज देत नाही. हातात राहिले ७५ वॅट.

आता गिऱ्हाइकाची यादी बघू. ४० वॅटचे दोन फॉग लाइट म्हणजे ८०, चार्जर १८, ग्रिप ३०. बेरीज १२८. बसत नाही! इथे "बघू, चालून जाईल" म्हणायचं नाही. कागदावर आकडे लिहून गिऱ्हाइकाला दाखवा. "२० वॅटचे दोन लाइट आणि चार्जर घ्या, ५८ वॅटमध्ये काम होतं. ग्रिपऐवजी चांगले हातमोजे घ्या." आकडा समोर दिसला की माणूस सहसा वाद घालत नाही. उलट, या दुकानात हिशेब करून काम होतं, हे त्याच्या लक्षात राहतं.

पायरी २ : फ्यूज कशासाठी?

हा प्रश्न मी ट्रेनिंगमध्ये विचारतो तेव्हा बहुतेक जण म्हणतात, "लाइट जळू नये म्हणून." नाही. फ्यूज असतो वायर जळू नये म्हणून.

असं बघा. लाइट त्याला लागते तेवढीच वीज ओढतो. पण वायर कुठे फ्रेमला घासली, वरचं प्लॅस्टिक सोललं आणि तांबं लोखंडाला टेकलं, तर लाइटचा संबंधच उरत नाही. बॅटरी थेट शॉर्ट होते. जी बॅटरी स्टार्टर मोटर फिरवते, ती अशा वेळी शंभर अँपिअरच्या घरात करंट सोडू शकते. बारीक वायर काही सेकंदांत हीटरच्या तारेसारखी लाल होते. फ्यूज त्याआधी उडायला हवा.

यातून दोन नियम निघतात.

पहिला नियम : फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ हवा, साधारण वीतभर अंतरात. फ्यूज लाइटजवळ लावला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघड्यावरच राहते.

दुसरा नियम : फ्यूज वायरला झेपेल त्यापेक्षा मोठा नको. वॅट भागिले १२ केलं की अँपिअर मिळतात. त्याला सव्वापट करा आणि त्याच्या लगतचा वरचा फ्यूज घ्या. आपले दोन लाइट ४० वॅटचे. ४० भागिले १२ म्हणजे ३.३ अँपिअर, सव्वापट केलं की ४.२. म्हणजे ५ अँपिअरचा फ्यूज. चार्जरला ३ अँपिअरचा पुरतो. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज १० अँपिअरचा, आणि त्याच्यापुढे दीडची वायर, म्हणजे १.५ चौरस मिमीची.

फ्यूज सारखा उडतोय म्हणून ३० चा टाकणारे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे अजूनही आहेत. अशा गाडीत फ्यूजचं काम आता वायर करणार, आणि ती टाकीखाली उडणार. फ्यूज उडतो तेव्हा तो तक्रार करत असतो. तक्रार शोधा, तिचं तोंड बंद करू नका.

पायरी ३ : रिलेची जोडणी

अॅक्सेसरीची वीज हेडलाइटच्या वायरमधून चोरायची नाही. ती वायर कंपनीने हेडलाइटपुरतीच दिलेली असते. वीज थेट बॅटरीवरून घ्या आणि तिला चावीने चालू-बंद करायचं काम रिलेला द्या. चार पायांच्या साध्या रिलेवर नंबर छापलेले असतात :

• ३० : बॅटरी प्लसवरून, १० अँपिअरच्या मुख्य फ्यूजमधून येणारी वायर.
• ८७ : इथून पुढे छोट्या फ्यूज बॉक्सला. त्यात लाइटसाठी ५ चा, चार्जरसाठी ३ चा फ्यूज.
• ८६ : चावी फिरवल्यावरच वीज येते अशी वायर. टेललाइटची चालते. रिलेची कॉइल साधारण १५० ते २०० मिलिअँपिअर ओढते, तेवढा भार त्या वायरला जाणवत नाही. ही फांदी बारीक असते, म्हणून तिच्यात १ किंवा २ अँपिअरचा वेगळा फ्यूज टाका.
• ८५ : बॅटरीच्या मायनसला.

चावी काढली की सगळ्या अॅक्सेसरी बंद. गिऱ्हाईक चार्जर बंद करायला विसरलं तरी सकाळी बॅटरी जागेवर असते. विसरण्याची किंमत किती, तेही बघा. थेट जोडलेलं एखादं यंत्र फक्त २० मिलिअँपिअर ओढत असेल, तर दिवसाला ०.४८ अँपिअर-अवर जातात. ८ अँपिअर-अवरची बॅटरी दहा दिवसांत अर्ध्याहून जास्त रिकामी!

अर्थ घेताना रंगवलेल्या बोल्टवर भरवसा ठेवू नका. मायनसची वायरही बॅटरीपर्यंत न्या. आणि एबीएस किंवा ईसीयूच्या वायरिंगला चिमटा लावायचा नाही म्हणजे नाही. तिथे गडबड झाली तर ब्रेक आणि वॉरंटी, दोन्ही जातात.

पायरी ४ : हाताचं काम

१. काम सुरू करताना बॅटरीची मायनस आधी काढा. जोडताना मायनस शेवटी. प्लसवर पाना असताना तो चुकून फ्रेमला लागला, तर ठिणगी पडू नये म्हणून हा क्रम.

२. वायर पिळून टेप मारायची पद्धत सोडा. उन्हाने आणि इंजिनच्या तापाने टेपचा गोंद सुटतो आणि पावसाचं पाणी आत जातं. योग्य मापाची थिंबल, क्रिंपिंगची पक्कड आणि वर हीट श्रिंक. सोल्डर केलेली वायर जिथे कडक होते, तिथे थरथरीने तुटण्याची भीती असते. क्रिंप नीट असेल तर तो जास्त टिकतो.

३. वायर सायलेन्सरच्या बेंडपासून लांब ठेवा. क्लच किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलला बांधू नका. फ्रेमच्या धारेवरून जाते तिथे स्लीव्ह घाला.

४. हँडल डावीकडे पूर्ण वळवा, मग उजवीकडे पूर्ण वळवा. कुठेही वायर ताणली किंवा चिमटली तर परत सोडा आणि ढिली घ्या. घासून शॉर्ट होण्याची नेहमीची जागा हीच.

पायरी ५ : गाडी देण्याआधी मल्टीमीटर

लाइट लागला म्हणजे काम झालं, असं नाही. तीन मापं घ्या आणि लिहून ठेवा. एक, चावी बंद असताना बॅटरीतून किती करंट जातो. काम करण्याआधी होता तेवढाच असायला हवा. दोन, सगळं चालू ठेवून चालवण्याच्या आरपीएमला बॅटरीवर किती व्होल्ट. साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. १३ च्या खाली येत असेल तर बॅटरी भरत नाहीये, रिकामी होतेय. पायरी १ चा हिशेब पुन्हा करा. तीन, लाइटच्या टोकाला किती व्होल्ट. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल, तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे.

आता पैशाचं बोलू

"सर, पण समोरचा दुकानदार तीनशेत करतो, चाळीस मिनिटांत." करू दे. तुम्ही तुमचा तास मोजा. भाडं, वीज, मुलाचा पगार आणि तुमचा घरखर्च धरून महिन्याला ५०,००० रुपये लागतात असं समजू. महिन्यात २५ दिवस, रोज ५ तास बिलाचं काम होतं. म्हणजे १२५ तास. एक तास पडला ४०० रुपयांना. वर लिहिलेलं काम तीन तासांचं आहे, म्हणजे माल सोडून १,२०० रुपये हा नुसता खर्च, नफा अजून धरलेलाच नाही. तीनशेत काम करणारा एकतर तोट्यात आहे किंवा फ्यूज टाकत नाही.

हा फरक गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक कामाचं एक कार्ड करा. काय लावलं, किती वॅट, कुठे कोणता फ्यूज, तिन्ही मापं, आणि सीट बंद करण्याआधी काढलेला वायरिंगचा फोटो त्याच्या व्हॉट्सअॅपवर. सीटखाली प्रत्येक मापाचा एक जादा फ्यूज ठेवा. पन्नास रुपयांचंही सामान नाही, पण अडचणीच्या जागी फोनवरून तुम्ही त्याला सांगू शकाल, "सीट उघडा, लाल फ्यूज बघा." असं गिऱ्हाईक पुढच्या वेळी ग्रुपमधल्या चार गाड्या घेऊन येतं.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्याकडे जास्तीत जास्त येणाऱ्या तीन बाइक निवडा. मॅन्युअल बघून प्रत्येकीचा जमा, खर्च आणि शिल्लक वॅटचा तक्ता करा आणि तो काउंटरच्या मागे, गिऱ्हाइकाला दिसेल असा लावा. तक्ता झाला की व्हिडिओखाली कळवा.

पुढच्या भागात हेच कार्ड वापरून कामाची गॅरंटी कशी लिहायची, ते बघू. तोपर्यंत काम नीट करा आणि दाम नीट घ्या.