मृत नोंदींची सफाई व कालमर्यादा

डेटाबेसमधील एखादी नोंद बदलली की जुनी नोंद तत्काळ नाहीशी होते, असा सर्वसाधारण समज आहे. पोस्टग्रेस्क्यूएल या प्रणालीत तसे घडत नाही. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून ही प्रणाली विकसित झाली. तीत नोंद बदलताना नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी जागच्या जागी राहते. त्यामुळे एकाचे लेखन चालू असताना दुसऱ्याचे वाचन खोळंबत नाही. मात्र कोणालाच न लागणाऱ्या जुन्या प्रती साचत जातात. त्यांनाच मृत नोंदी म्हणतात.

त्या काढून जागा पुन्हा वापरण्याजोगी करणारी यंत्रणा म्हणजे ‘ऑटोव्हॅक्यूम’ होय. ही यंत्रणा २००५ मध्ये मूळ सर्व्हरमध्ये समाविष्ट झाली आणि २००८ पासून ती आपोआप चालू असते. मूळ मांडणीनुसार ती दर मिनिटाला डेटाबेसकडे पाहते. तक्त्यातील मृत नोंदी एकूण नोंदींच्या २० टक्के अधिक ५० यांहून जास्त झाल्या, की सफाई सुरू होते. लहान तक्त्यास हे प्रमाण योग्य ठरते. परंतु १ कोटी नोंदींच्या तक्त्यात २० लाखांहून अधिक मृत नोंदी साचेपर्यंत सफाईस आरंभच होत नाही. अशा तक्त्यापुरते हे प्रमाण १ टक्क्यावर आणता येते. सफाईमुळे इतर कामांवर ताण पडू नये म्हणून ती मधूनमधून क्षणभर थांबते. हा विराम पूर्वी २० मिलिसेकंदांचा होता. २०१९ मध्ये तो २ मिलिसेकंदांवर आणला गेला.

तथापि सफाई कितीही वेळा झाली, तरी एक अडथळा उरतो. समजा, एखाद्या कार्यक्रमाने सकाळी एक नोंद बदलली आणि व्यवहार पूर्ण न करता तसाच उघडा ठेवला. त्यानंतर दिवसभरात मृत झालेल्या नोंदी त्या व्यवहाराला अजून दिसण्याचा संभव गृहीत धरून सफाई यंत्रणा त्यांना हात लावीत नाही. ती येते, पाहते आणि रिकाम्या हाताने परतते. तक्ता फुगतो, शोध मंदावतो.

यावर उपाय म्हणून २०१६ मध्ये निष्क्रिय व्यवहारांसाठी कालमर्यादेची सोय करण्यात आली. तिचे मूळ मूल्य शून्य, म्हणजे मर्यादा नाही, असे आहे. ते ५ मिनिटे केल्यास तेवढा वेळ स्तब्ध राहिलेल्या व्यवहाराची जोडणी सर्व्हर तोडतो व त्याचे अपूर्ण बदल रद्द होतात. अर्थात मर्यादा फार आखूड ठेवल्यास प्रामाणिकपणे रेंगाळलेले कामही वाया जाते.

व्यवहारांचे क्रमांक ३२ बिटांचे, म्हणजे मर्यादित असल्याने, तुंबलेली सफाई शेवटी नवे लेखनच थांबवू शकते. म्हणून सफाईची गती ठरवताना व्यवहार किती काळ उघडा राहू द्यावा, हेही त्याच वेळी ठरवणे आवश्यक असते.