उदरपरीक्षण : पृष्ठभागावरील खुणा आणि क्ष-किरण चित्राचे वाचन

विबंध, आध्मान व शूल या तीन तक्रारी घेऊन येणारा रुग्ण आपणांपैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात नित्य येतो. बहुतेक वेळा अनुलोमनाने त्यास उपशय मिळतो. परंतु याच तक्रारींच्या आड कधी बद्धगुदोदर, तर कधी छिद्रोदर दडलेले असते. अशा रुग्णास निरूह बस्ती देऊ नये, असा स्पष्ट निषेध वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात केला आहे. निषेध आपणांस पाठ असतो; प्रश्न आहे तो ही अवस्था वेळेत ओळखण्याचा. त्यासाठी दर्शन-स्पर्शनाच्या जोडीला क्ष-किरण चित्राचा उपयोग कसा करावा, याची उजळणी या पाठात करू.

पृष्ठभागावरील खुणा

शरीराच्या पृष्ठभागावरून आतील अवयवाचा वेध घेणे आपल्या शास्त्रास नवे नाही. सुश्रुताचार्यांनी उदरावरील शस्त्रकर्मासाठी नाभीच्या खाली, डाव्या बाजूस, रोमराजीपासून चार अंगुळे सोडून छेद सांगितला आहे. आधुनिक शारीरात दोन उभ्या व दोन आडव्या रेषांनी उदराचे नऊ भाग पाडतात. उभ्या रेषा दोन्ही अक्षकास्थींच्या मध्यातून खाली येतात. वरची आडवी रेषा बरगड्यांच्या सर्वांत खालच्या कडेवरून, तिसऱ्या कटिकशेरुकेच्या पातळीवर जाते. खालची रेषा कंबरेच्या हाडांवरील दोन्ही उंचवटे जोडते व पाचव्या कटिकशेरुकेच्या पातळीवर असते.

याखेरीज एक रेषा अवश्य ध्यानात ठेवावी. उरोस्थीच्या वरची खाच आणि भगास्थिसंधी यांच्या बरोबर मध्यावर काढलेली आडवी रेषा पहिल्या कटिकशेरुकेच्या पातळीवर येते. उजवीकडे ही रेषा नवव्या बरगडीच्या कूर्चेच्या टोकास जेथे मिळते, तेथे पित्ताशयाचा तळ असतो. नाभी व कंबरेच्या हाडाचे उजवे पुढचे टोक जोडणाऱ्या रेषेवर, त्या टोकापासून एक-तृतीयांश अंतरावर मॅकबर्नी बिंदू येतो. चार्ल्स मॅकबर्नी या शल्यविदाने 1889 मध्ये तो वर्णिला. शूल प्रथम नाभीभोवती सुरू होऊन काही तासांनी येथे स्थिरावला व दाबल्यास असह्य होऊ लागला, तर आंत्रपुच्छाच्या शोथाची शंका घ्यावी.

परीक्षण स्तनाग्रापासून मांडीच्या मध्यापर्यंत करावे. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध शेतकरी तीन दिवसांच्या विबंधाची तक्रार घेऊन आमच्याकडे आले. पोट फुगले होते, दोनदा वांती झाली होती. घरी एरंडेल देऊन झाले होते. आम्हीही मनाशी बस्तीचा विचार पक्का केला होता. धोतर सैल करावयास सांगितले, तेव्हा उजव्या वंक्षणात लिंबाएवढी, कठीण व स्पर्शासह्य गाठ दिसली. अडकलेला अंतर्गळ होता. उभ्याने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात पायऱ्यांसारखे द्रव-वायूचे स्तर दिसले. त्याच रात्री त्यांचे शस्त्रकर्म झाले व ते बरे झाले. धोतर सैल करण्यास लागलेला अर्धा मिनिट आम्हांस आजही आठवतो.

चित्र कसे वाचावे

प्रथम रुग्णाचे नाव, दिनांक व डावी-उजवी खूण पाहावी. निजलेल्या स्थितीतील चित्रात आतड्यांतील वायूची मांडणी कळते. छिद्राची शंका असल्यास उभ्याने घेतलेले छातीचे चित्र मागवावे व त्यापूर्वी रुग्णास सुमारे दहा मिनिटे बसते किंवा उभे ठेवावे. उभे राहणे शक्य नसल्यास डाव्या कुशीवर निजवून चित्र घेतात.

1. श्वासपटलाखाली : उजव्या श्वासपटलाखाली, यकृताच्या वर चंद्रकोरीसारखी काळी छाया दिसल्यास छिद्राचा संशय घ्यावा. डावीकडे आमाशयातील वायू स्वभावतःच दिसतो; त्याने फसू नये.

2. आतड्यांची रुंदी : लघ्वंत्र 3 सेंटिमीटर, बृहदंत्र 6 सेंटिमीटर व उंडुक 9 सेंटिमीटर यांपेक्षा अधिक फुगलेले नसावे.

3. कोणते आतडे : लघ्वंत्र मध्यभागी असते व त्याच्या वळ्या पूर्ण रुंदीभर आडव्या जातात. बृहदंत्र कडेने असते व त्याच्या वळ्या बहुधा अर्ध्यावर थांबतात.

4. अश्मरी : मूत्राश्मरी बहुधा दिसतात, पित्ताश्मरी मात्र थोड्याच दिसतात. त्यांच्यासाठी सोनोग्राफी उत्तम.

5. शेवटी कशेरुका, कटीची हाडे व चित्रात आलेल्या बरगड्या पाहाव्यात.

चित्र निर्दोष दिसले म्हणून रुग्ण निर्दोष ठरत नाही. छिद्र असूनही वायू दिसत नाही, असे घडते. आंत्रपुच्छशोथ तर साध्या चित्रात बहुधा कळतच नाही. आज सीटी स्कॅनने निदान अधिक अचूक होते. परंतु ती सोय दूर असलेल्या गावी हात व साधे चित्र हीच पहिली साधने होत. स्त्रीरुग्णास गर्भधारणेविषयी विचारल्याविना चित्र मागवू नये. लक्षणे तीव्र असल्यास चित्रासाठी न थांबता रुग्णास शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

औषधालयचालकांस विनंती

एरंडेल, अभयादि मोदक वा इच्छाभेदी रस मागण्यास आलेल्या व्यक्तीस पाच प्रश्न अवश्य विचारावेत. वांती होते काय? अधोवायू सरणे थांबले आहे काय? ज्वर आहे काय? पोटावर पूर्वी शस्त्रकर्म झाले आहे काय? वंक्षणात गाठ आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास रेचक न देता वैद्याकडे पाठवावे. त्या दिवशी एका बाटलीची विक्री कमी होईल. पण छिद्र पडण्याच्या बेतात असलेल्या आतड्यावर रेचकाचा भार पडणार नाही.

विरेचन व बस्ती ही आपली प्रभावी शस्त्रे आहेत. ती कोठे उगारू नयेत, हे जाणणे हाही चिकित्सेचाच भाग आहे.