गोलंदाजाचा खांदा : निदान, चिकित्साक्रम आणि औषधविवेक

वसई-विरार परिसरातील वैद्यांना क्रिकेट खेळणारा रुग्ण नवा नाही. पहाटेच्या लोकलने अवजड किटबॅग खांद्यावर घेऊन मुंबईची मैदाने गाठणारी मुले आणि सुटीच्या दिवशी टेनिस चेंडूच्या सामन्यांत दिवसभर गोलंदाजी करणारे नोकरदार, या दोघांचीही तक्रार एकच असते : खांदा दुखतो आणि येत्या रविवारी सामना आहे. अशा रुग्णाची वेदना दोन-चार दिवसांत शमविणे आपणांस कठीण नाही. परंतु वेदना शमली म्हणजे खांदा फेकीचा भार पेलण्यास समर्थ झाला, असे समजणे घातक ठरते. प्रस्तुत लेखात आम्ही याच भेदाचा विचार करणार आहोत.

दोन सर्वश्रुत उदाहरणे पाहू. विरारमध्ये वाढलेला फलंदाज पृथ्वी शॉ याचा डावा खांदा जानेवारी 2020 मध्ये मुंबईत कर्नाटकविरुद्धच्या रणजी सामन्यात क्षेत्ररक्षण करताना दुखावला. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीतील पुनर्वसनानंतर त्याच महिन्यात त्याने न्यूझीलंडमध्ये भारत ‘अ’ संघाकडून 100 चेंडूंत 150 धावा केल्या. श्रीरामपूरचा डावखुरा वेगवान गोलंदाज झहीर खान याच्या खांद्यावर 2009 मध्ये शस्त्रक्रिया झाली. तो काही महिने खेळापासून दूर राहिला, नोव्हेंबरमध्ये अहमदाबाद कसोटीत परतला, जानेवारी 2010 मध्ये मीरपूर येथे एका डावात 87 धावांत 7 बळी घेतले आणि 2011 च्या विश्वचषकात 21 बळी मिळविले. हे उपचार आयुर्वेदीय होते, असे आम्हांस सुचवावयाचे नाही. दोघांच्या दुखापतीही सारख्या नव्हत्या. तथापि चिकित्सकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे : रुग्णाला त्या हाताने कोणते कर्म करावयाचे आहे, यावर बरे होण्याची व्याख्या आणि कालमर्यादा ठरते.

निदान

खांदेदुखी म्हटली की अवबाहुक, असे निदान घाईने होते. अवबाहुकात प्रकुपित वायू अंसबंधनाचा शोष व सिरांचा संकोच करतो आणि बाहूची हालचाल रोधली जाते. फेकणाऱ्याच्या खांद्यात बहुधा वेगळे चित्र दिसते. रुग्णास उताणे निजवून बाहू कडेला काटकोनात आणावा, कोपर काटकोनात वाकवावे आणि दोन्ही बाजूंची तुलना करावी. गोलंदाजाच्या हाताचे बाहेरच्या दिशेचे परिवर्तन दुसऱ्या हातापेक्षा अधिक व आतील दिशेचे कमी आढळते. ठरावीक मर्यादेपर्यंत हा फेकीचा अभ्यासजन्य बदल असतो. मात्र दोन्हींची बेरीज निरोगी बाजूपेक्षा कमी भरली, तर सावध व्हावे. अंसफलक पाठीवर नीट स्थिर राहतो का, हेही हात वर-खाली करवून पाहावे.

सुश्रुतांनी अंस हे स्नायुमर्म व अंसफलक हे अस्थिमर्म सांगून दोहोंना वैकल्यकर म्हटले आहे. अंसाच्या आघाताने बाहूचा स्तंभ आणि अंसफलकाच्या आघाताने स्वाप किंवा शोष होतो, हे वर्णन फेकणाऱ्या रुग्णाच्या परीक्षणात आजही उपयोगी पडते. पडल्यानंतर हात उचलताच न येणे, खांद्याचा आकार बदलणे किंवा बधिरता असणे, यांपैकी एक लक्षण असले तरी क्ष-किरण व एमआरआय तपासणी करवून अस्थिशल्यतज्ज्ञाचे मत घ्यावे. निखळलेला अंससंधी बसवून स्वस्तिकबंध बांधण्याचा विधी संहितेत आहे. पण क्ष-किरण परीक्षेवाचून तो करण्याचे धाडस आज कोणी करू नये.

चिकित्साक्रम

प्रथमावस्थेत शोथ व दाह असताना फेक पूर्ण बंद ठेवावी. शीत परिषेक, लेप आणि बंध योजावेत. जोरकस मर्दन व उष्ण स्वेदन टाळावे. शोथ उतरल्यावर हलक्या हाताने स्नेहन व मृदू स्वेदन करावे. वातप्राधान्य असल्यास वाग्भटोक्त नस्य आणि भोजनोत्तर स्नेहपान यांचा विचार करावा. याच काळात अंसफलक स्थिर ठेवणाऱ्या पेशींचे सौम्य व्यायाम सुरू करावेत. कटी व पाय यांचे बलही वाढवावे, कारण फेकीचा वेग पायांपासून निर्माण होतो आणि खांदा तो पुढे पोहोचवितो.

तिसऱ्या अवस्थेत अर्धशक्ती व्यायामाचे तत्त्व मार्गदर्शक आहे. थोड्या अंतरावर, अर्ध्या जोराने, मोजून चेंडू टाकावेत आणि एक दिवसाआड विश्रांती द्यावी. दुसऱ्या दिवशी वेदना वाढल्यास मागील पायरीवर यावे. अंतर, संख्या व वेग यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. बेसबॉलमध्ये सामन्याच्या उत्तरार्धात चेंडू फेकण्यास येणाऱ्या खेळाडूला अल्पावधीत शरीर सज्ज करून पूर्ण जोराने फेकावे लागते. आपल्याकडील टेनिस चेंडूचा गोलंदाज तर बहुधा कोणत्याही पूर्वतयारीवाचून तेच करतो. म्हणून पूर्वतयारी हा पथ्याचाच भाग समजून लिहून द्यावा. किटबॅग कोणत्या खांद्यावर वाहिली जाते, हेही विचारावे.

औषधालयांची जबाबदारी

नोंदणीकृत खेळाडूच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उभा राहतो. पृथ्वी शॉ याच्या नमुन्यात 2019 मध्ये टर्ब्युटॅलिन आढळले. खोकल्याच्या औषधातून ते अजाणता घेतले गेले, हे स्पष्टीकरण क्रिकेट नियामक मंडळाने मान्य केले; तरीही आठ महिन्यांची बंदी टळली नाही. वातव्याधीत आपण सर्रास वापरतो ती विषतिंदुक वटी व कुपीलूयुक्त अन्य कल्प यांत स्ट्रिक्निन असते. वाडा या जागतिक संस्थेच्या सूचीनुसार ते स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. सोमकल्पातील एफेड्रिन ठरावीक प्रमाणापलीकडे निषिद्ध आहे आणि विजयायुक्त कल्पांबाबतही तीच सावधगिरी हवी. कुपीलूचे शोधन केले तरी स्ट्रिक्निन पूर्णतः नाहीसे होत नाही. सांध्यात दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांवरही 2022 पासून स्पर्धाकाळात निर्बंध आहेत. म्हणून रुग्णाने अन्यत्र कोणते उपचार घेतले, हे विचारून घ्यावे.

यास्तव आमची विनंती अशी की, खांदेदुखीचा तरुण रुग्ण आल्यास ‘कोणत्या स्पर्धेत खेळता?’ हा प्रश्न प्रकृतिपरीक्षणाइतकाच नित्याचा व्हावा. औषधविक्रेत्यांनी घटकद्रव्ये न छापलेला कल्प खेळाडूस देऊ नये, आणि वैद्यांनी दिलेल्या प्रत्येक कल्पाची लेखी नोंद रुग्णाच्या हाती ठेवावी. रविवारचा सामना हुकला तर पुढचा रविवार येतोच. पण घाईने फेकलेल्या चेंडूने किंवा अविचाराने दिलेल्या एका वटीने होणारे नुकसान भरून काढण्यास पूर्ण हंगामही अपुरा पडू शकतो.