डाळिंबाच्या मुळावरच्या गाठी आणि त्यांना खाणारी बुरशी

ताईंनो, आपल्या राहाता, संगमनेर, पारनेरकडे डाळिंबाचं झाड वाळलं की उत्तर ठरलेलं: "मर आलाय." पण ते झाड उपटल्यावर मुळं धुऊन बघितलीत का? बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर तिथे सूत्रकृमी आहेत. दुकानदार त्यालाच निमॅटोड म्हणतो. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी चांगल्या, त्या नखाने सुटतात. या सुटत नाहीत, कारण मूळच सुजलेलं असतं.

हा किडा डोळ्यांना दिसत नाही. मादी मुळात बसून रस शोषते आणि शेकड्याने अंडी घालते. ऊबदार ओल्या जमिनीत साधारण महिन्याभरात पुढची पिढी तयार. त्याने केलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशीही आत शिरते. म्हणून नुसतं पानांवर फवारून उपयोग नाही.

बुरशी म्हटलं की आपल्याला लोणच्यावरची आठवते. पण सगळ्या बुरश्या वाईट नसतात. पॅसिलोमायसिस नावाची बुरशी सूत्रकृमीच्या अंड्यांवर धागे पसरते, आत शिरते आणि अंडी खाऊन टाकते. ट्रायकोडर्मा मुख्यतः रोगाच्या बुरशीशी लढते, सूत्रकृमीलाही थोडा आवर घालते.

पाकिटावरच्या प्रमाणात ही बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात आणि निंबोळी पेंडीत मिसळा. ढीग सावलीत, ओल्या गोणपाटाखाली पंधरा दिवस ठेवा. मग झाडाच्या बुडाशी, ठिबकच्या ओलीत मातीआड करा.

इथे माझीच चूक सांगते. गेल्या वर्षी एका गटाची पाकिटं मी उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत ठेवली. वर, ती टाकल्यावर आठवड्यात रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी झाली, तेही मी आधी बजावलं नव्हतं. बुरशी जिवंत असते हो, उन्हाने मरते, बुरशीनाशकानेही मरते. गटाचे पैसे मातीत गेले. तेव्हा तारीख बघूनच घ्या, सावलीत ठेवा.

वाळलेलं झाड याने परत येत नाही. शेजारची हिरवी झाडं वाचवायची, आणि तेही हळूहळू, पुन्हा पुन्हा टाकून. बागेत वांगी, टोमॅटो लावू नका, त्यांच्यावरही हाच किडा वाढतो. झेंडू लावा.

आणि रोपांसाठी गटातून कर्ज घेणार असाल तर आधी नर्सरीत एक पिशवी फाडून मुळं बघा. शंका असेल तर मुळं आणि ओली माती पिशवीत भरून राहुरीच्या कृषी विद्यापीठात किंवा बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या बागेतलं एक धुतलेलं मूळ आणा, सगळ्या मिळून बघू.