वाणी, मौन आणि देहाची भाषा

गीतेच्या प्रत्येक अध्यायाच्या शेवटी जी पुष्पिका येते, तिच्यात या ग्रंथास 'श्रीकृष्णार्जुनसंवाद' असे म्हटले आहे. ब्रह्मविद्या व योगशास्त्र या दोन थोर नावांशेजारी हे तिसरे नाव साधे दिसते, म्हणून वाचकाचे लक्ष त्याकडे सहसा जात नाही. परंतु गृहस्थाचा दिवस बव्हंशी संवादातच जातो आणि घरातील बहुतेक दुःखे तो बिघडल्यानेच उत्पन्न होतात. तेव्हा एकाने आपले मनोगत दुसऱ्यास कसे कळवावे व दुसऱ्याने ते कसे जाणावे, एवढाच विषय आज घेऊ.

वाक्यापासून अर्थबोध होण्यास नैयायिक आकांक्षा, योग्यता व संनिधी ही कारणे मानतात. पदांना एकमेकांची अपेक्षा हवी, त्यांचे अर्थ परस्परांशी जुळावेत आणि त्यांचा उच्चार लागोपाठ व्हावा. 'अग्नीने शिंप' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही बोध देत नाही, कारण तेथे योग्यता नाही. याखेरीज तात्पर्य, म्हणजे वक्त्याचा अभिप्राय, जाणावा लागतो. 'सैंधव आण' हे पाठशाळेतील जुने उदाहरण. सैंधव म्हणजे मीठ आणि सिंधुदेशीचा घोडाही. पानावर बसलेल्याने म्हटले तर मीठ आणावे, प्रवासास निघालेल्याने म्हटले तर घोडा. शब्द बदललेला नाही. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याकडे पाहिले, म्हणून अर्थ कळला.

या 'पाहण्या'चे शास्त्र भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आहे. तेथे अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे: आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक. त्यांपैकी वाणीचा एकच. सात्त्विक भाव आठ: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय. हे ओठांच्या आज्ञेत नसतात. आता गीतेचा पहिला अध्याय काढून पाहावा. कुलक्षय, वर्णसंकर, पितरांचे पतन हे अर्जुनाचे युक्तिवाद पुढे येतात; त्याआधी, २८ ते ३० या श्लोकांत, तो आपल्या देहाचेच वर्णन करतो. गात्रे गळत आहेत, तोंड कोरडे पडले आहे, कंप सुटला आहे, अंगावर रोम उभे राहिले आहेत, गांडीव हातातून निसटत आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी डोळे आसवांनी भरलेले आहेत. भरतमुनींच्या आठांपैकी वेपथु, रोमांच व अश्रू हे तीन येथे स्पष्ट आहेत.

भगवंतांनी उत्तर दिले ते प्रथम या देहाच्या बोलण्याला. दुसऱ्या अध्यायाच्या ११व्या श्लोकात ते अर्जुनास दाखवून देतात की, तू शोक करू नये त्यांचा शोक करीत आहेस आणि बोलणे मात्र ज्ञात्यासारखे आहे. वाणी एक सांगते आणि अंग दुसरेच, ही विसंगती त्यांनी हेरली. त्याच्या युक्तिवादांनाच पहिल्याने उत्तरे देत बसले असते, तर वाद लांबला असता आणि धनुष्य खालीच राहिले असते.

त्याआधीच्या श्लोकात भगवंत 'जणू हसत' बोलले, असे संजय सांगतो. भाषांतर करताना त्या 'जणू'ने मला फार अडविले. आसवे गाळणाऱ्या मित्रापुढे उघड हसणे क्रूर ठरले असते. मुळीच न हसणे म्हणजे त्याच्या शोकास संमती देणे. ते 'इव' गाळले की वाक्य सुटसुटीत होते, पण भगवंतांची मुद्राच हरवते. मी ते ठेवले.

वाणीचे तप सतराव्या अध्यायाच्या १५व्या श्लोकात आहे: कोणास उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय व हितकर बोलणे, आणि स्वाध्यायाचा अभ्यास. मौन या यादीत नाही. ते पुढच्या श्लोकात, मानस तपात, मनाची प्रसन्नता व सौम्यत्व यांच्या पंक्तीस बसविले आहे. मी काही वर्षे गुरुवारी मौन पाळीत असे. जवळ पाटी असे. पण पाटीपेक्षा भुवयांनीच अधिक काम होई. एके दिवशी पत्नी शांतपणे म्हणाली, "तुम्ही रागावून बोलता ते आम्ही ऐकून घेतो. हे तुमचं न बोलणं मात्र घरात कोणाला सोसत नाही." मला उत्तर देता आले नाही, आणि त्यास कारण केवळ व्रत नव्हते. सोळावा श्लोक मी विद्यार्थ्यांस कितीदा शिकविला होता!

आजच्या गृहस्थापुढे आणखी एक अडचण आहे. आवाजाच्या ज्या चढउताराने अर्थ पालटतो, त्यास आपल्याकडे काकु म्हणतात. 'बरं' हा एकच शब्द काकुभेदाने संमती होतो, प्रश्न होतो, रुसवाही होतो. मोबाईलवर तोच लिहून धाडला की काकु मागे राहते आणि दूरच्या गावी नोकरीस असलेला मुलगा रात्रभर त्या दोन अक्षरांचा अर्थ लावीत बसतो. अशा वेळी आवाज ऐकवावा, हे बरे.

सर्व सांगून झाल्यावर, अठराव्या अध्यायाच्या ७२व्या श्लोकात, भगवंत विचारतात की, हे एकाग्र चित्ताने ऐकलेस ना, आणि तुझा मोह गेला ना? सातशे श्लोकांच्या ग्रंथात, साक्षात वक्ता भगवान असताना, ऐकणाऱ्यास काय पोचले याची चौकशी होते. आपण मुलास चार वाक्ये सुनावतो आणि उठून जातो.

अर्जुन उत्तर देतो की, संदेह गेला, सांगाल तसे करीन. हे वाणीचे उत्तर झाले. देहाचे उत्तर गीतेत नाही. ते भीष्मपर्वात लगेच पुढे आहे. अर्जुनाच्या हाती पुन्हा बाण व गांडीव दिसले आणि पांडवांकडील महारथींनी मोठा नाद केला. त्यांनी हा संवाद ऐकल्याचे महाभारत सांगत नाही.