पेटीतली हवा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पेटीचं झाकण उघडलं, तेव्हा आधी वास आला. गोडसर, मिरमिरीत लाकडी वास यायला हवा होता. आला तो पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेल्या कपाटाचा. मग दिसलं. वरच्या थरातल्या सिगारांवर निळसर-पांढरे ठिपके पडले होते, आणि दोन सिगारांच्या पेटवायच्या टोकाला लव आली होती, पिंजलेला कापूस चिकटवावा तशी.

सिगार माझे नव्हते, दादाचे होते. दादाची सगळी नोकरी बोटीवर गेली; चीफ इंजिनिअर म्हणून तो निवृत्त झाला. शेवटच्या काही फेऱ्यांपैकी एकीत बोट हवानाला लागली, तेव्हा त्याने पंचवीस सिगारांचं खोकं घेतलं. वर क्यूबा सरकारची हिरवी-पांढरी पट्टी, आत लाकडाचा पातळ पापुद्रा, त्याखाली एका रंगाचे, एका मापाचे सिगार. घरातल्या मोठ्या प्रसंगाला एकेक, असा त्याचा बेत. रत्नागिरीच्या दमट हवेत ते टिकायचे नाहीत म्हणून त्याने खोकं माझ्याकडे दिलं. "पुण्याची हवा कोरडी. तुझ्याकडे नीट राहतील," म्हणाला. मी स्वतः ओढत नाही, आणि सिगार प्रकृतीला अपायकारकच आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण थोरल्या भावाने विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू माझ्या हातात नासली, याचं मला फार वाईट वाटलं. कशी नासली ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या हवेत हे कुणाच्याही घरी होऊ शकतं.

सुरुवात एप्रिलमध्ये झाली. मी एक चांगली लाकडी पेटी, म्हणजे ह्युमिडॉर, विकत आणली. आत स्पॅनिश सीडरचं अस्तर, झाकणात गोल काट्याचं आर्द्रतामापक, सोबत स्पंजची एक डबी. हे स्पॅनिश सीडर स्पेनचंही नव्हे आणि देवदाराच्या जातीचंही नव्हे. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेत वाढतं आणि कुळाने महोगनीचं, आपल्या तुणीचं, कडुलिंबाचं भाऊबंद आहे. ओलावा शोषून घेणं आणि लागेल तसा परत सोडणं हा त्याचा गुण. दुकानदाराने सांगितलं, पेटी तयार आहे, आजच भरा. मी त्याच संध्याकाळी भरली.

तिथेच पहिलं चुकलं. कारखान्यातून आलेलं लाकूड कोरडं ठणठणीत असतं. त्यात एप्रिलमधलं पुणं. दुपारी बाहेरची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा लाकडाला तहान लागलेली असते आणि जवळ जे ओलं सापडेल त्यातून ते पिऊन घेतं. माझ्या पेटीत ओलं असं एकच होतं, ते म्हणजे सिगार. काटा ६८ दाखवत होता, म्हणून मी निर्धास्त. दहाव्या दिवशी एक सिगार हलकेच दाबून पाहिला तर वाळक्या पानासारखा कुरकुरला. चार सिगारांची वरची पानं उभी तडकली होती.

काटा खोटं सांगत होता, हे मला फार उशिरा कळलं. तपासायची पद्धत इतकी सोपी आहे की पेटी घेण्याआधीच ती करायला हवी होती. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, त्यावर पाण्याचे थेंब टाकत ओल्या वाळूसारखं भिजवायचं. विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि आर्द्रतामापक झिपच्या पिशवीत शेजारी ठेवून पिशवी बंद करायची आणि आठ-दहा तास, जमलं तर पूर्ण दिवस, हात लावायचा नाही. भिजलेल्या मिठाच्या वर बंद जागेतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. हा मिठाचा धर्म आहे, ऋतू कुठलाही असो. माझ्या काट्याने ८६ दाखवले. म्हणजे तो अकराने पुढे होता, आणि ज्या ६८ वर मी निश्चिंत होतो ते खरे ५७ होते. झाकणातले काट्याचे मापक दिसायला छान असतात, पण त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. साधं डिजिटल घ्या, तेही मिठावर तपासा, आणि किती पुढे-मागे आहे ते चिठ्ठीवर लिहून पाठीला चिकटवा. वर्षातून एकदा पुन्हा तपासा.

पण एप्रिलमध्ये मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तडकलेली पानं पाहून मी घाबरलो आणि पाणी वाढवत सुटलो. स्पंज नळाच्या पाण्याने भरला, आतल्या भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, वर काचेच्या पेल्यात पाणी भरून कोपऱ्यात ठेवलं. मे महिना त्यात निभावून गेला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, बाहेरची हवाच ८०-८५ टक्क्यांवर गेली, आणि पेला तिथेच राहिला. पुढचं वर सांगितलंच आहे.

त्या आठवड्यात निपाणीचे मामा आमच्याकडे होते. उभं आयुष्य त्यांनी तंबाखूच्या वखारीत काढलं. बिडीचा तंबाखू वेगळा आणि सिगारचं पान वेगळं, हे मी त्यांना सांगायला गेलो, तर त्यांनी एक सिगार उचलून कानाशी धरला, दोन बोटांत हलकेच फिरवला आणि म्हणाले, "पान झाडावरनं काढलं तरी हवा पितंय, लेका. आम्ही रानात वाळलेल्या तंबाखूला दव पडल्याबिगर हात लावत न्हवतो. पहाटं नरम असतंय, दुपारी हात लावला की चुरा. आन् ओलं असताना थप्पी मारली की आत तापतंय, बुरशी धरतंय." मग माझ्याकडे बघून, "तू त्याला आधी उपाशी ठेवलंस आन् मग पाण्यात बुडवलंस." मला त्यांचं बोलणं लागलं, पण माझ्या सगळ्या चुका त्या एका वाक्यात आल्या होत्या.

त्यांच्या सांगण्यातली गोष्ट अंकांत अशी दिसते. एक घनमीटर हवा २१ अंश सेल्सिअसला साधारण १८ ग्रॅम वाफ पेलते, तर ३० अंशांना ३० ग्रॅम. म्हणजे नुसतं '७० टक्के' म्हणण्याला अर्थ नाही. किती अंशांना, ते विचारायला हवं. सिगारच्या पुस्तकांत ७० अंश आणि ७० टक्के असा जोडनियम असतो. त्यातले ७० अंश फॅरनहाइट आहेत, म्हणजे आपले २१ सेल्सिअस. पुण्यातल्या घरात एसीशिवाय २१ अंश सापडतात ते थंडीचे काही आठवडे. तिथला सल्ला प्रामुख्याने हिवाळ्यात हीटर लावून हवा कोरडी करणाऱ्यांसाठी लिहिलेला असतो, म्हणून पानोपानी 'ओलावा वाढवा' हेच वाचायला मिळतं. आपल्याकडे वर्षातले चार-साडेचार महिने प्रश्न नेमका उलटा असतो. २८-३० अंशांत ७० टक्के ठेवले तर बुरशी आणि कीड दोघींनाही ते मानवतं. मी आता ६५ च्या वर जाऊ देत नाही, पावसाळ्यात ६२ ला राहिलं तरी चालवून घेतो. सिगार जरा कोरडा राहिला तर सावरता येतो, बुरशी आतल्या पानात शिरली की काही करता येत नाही.

बुरशीचं मी काय केलं तेही सांगतो. पांढरी भुकटी म्हणजे सिगार मुरल्याची खूण, असं मानणारे लोक आहेत. मला तसं कुणी सांगितलं तेव्हा विश्वास ठेवावासा वाटला होता. पण जे ठिपक्याठिपक्यांनी उठतं, लवेसारखं उभं राहतं आणि पुसल्यावर खाली डाग ठेवतं, ती बुरशीच. टोकाला लव आलेले दोन सिगार आणि ज्यांच्या टोकात ठिपके दिसत होते असे आणखी चार मी फेकून दिले. ज्यांच्या फक्त वरच्या पानावर बुरशी होती ते गच्चीत नेऊन कोरड्या मऊ फडक्याने पुसले आणि महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवले. पेटी रिकामी करून आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, सावलीत तीन दिवस उघडी ठेवली. उन्हात ठेवू नका, झाकण वाकडं होतं आणि मग ते कधीच नीट बसत नाही. स्पंजची डबी टाकून दिली.

मग पेटी पहिल्यापासून तयार केली, जे एप्रिलमध्येच करायचं होतं. लाकूड ओल्या फडक्याने पुसायचं नाही. त्याने त्याचे तंतू उठतात, फळ्या फुगतात. रिकाम्या पेटीत बशीभर डिस्टिल्ड पाणी ठेवून झाकण लावायचं आणि दोन आठवडे धीर धरायचा. याच कामासाठी ८४ टक्क्यांच्या तयार पुड्या मिळतात, त्या चौदा दिवस ठेवल्या तरी तेच होतं. माझ्या पेटीने त्या दोन आठवड्यांत जवळजवळ अर्धी वाटी पाणी पिऊन टाकलं. एप्रिलमध्ये एवढं पाणी तिने दादाच्या सिगारांकडे मागितलं होतं.

पाण्याबद्दल एक गोष्ट बजावून सांगतो. नळाचं नको, आरओचंही नको. त्यात क्षार उरतात आणि ते स्पंजमध्ये साचतात. बॅटरीचं म्हणून कॅनमध्ये मिळतं त्याचाही दर्जा सारखा नसतो. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून बाटली आणा, वर्षभर पुरते.

आता रोजच्या ओलाव्यासाठी मी पाणी वापरतच नाही. बोव्हेडासारख्या पुड्या मिळतात, त्यांच्या आत मिठाचं घट्ट द्रावण असतं आणि कागद असा की त्यातून फक्त वाफ ये-जा करते. मापकाच्या तपासणीत मीठ जे काम करतं तेच इथे, फक्त वेगळ्या क्षारांमुळे ६५ किंवा ६२ वर. हवा कोरडी झाली तर पुडी वाफ सोडते, ओली झाली तर ओढून घेते. पंचवीस सिगारांना ६० ग्रॅमची एक असा हिशोब आहे. मी दोन ठेवतो. पुडी बोटांना दाणेदार, कडक लागली की तिचं पाणी संपलं. फुगून गुबगुबीत झाली की तिने बाहेरचा पावसाळा प्यायला आहे, म्हणजे पेटी कुठेतरी हवा सोडते आहे. झाकणात कागदाची पट्टी धरून बंद करा आणि ओढा. अलगद निघाली तर तिथून हवा आत येते. माझी पेटी मागच्या बाजूने थोडी अशीच आहे, म्हणून जून ते ऑक्टोबर सिगार पेटीत ठेवत नाही. ते रबरी कड असलेल्या, चारी बाजूंनी खटके लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात जातात. सोबत लाकडाचा पापुद्रा, ६२ ची पुडी आणि मापक. देखण्या पेटीपेक्षा हा तीनशे रुपयांचा डबा आपल्या पावसाळ्यात भरवशाचा आहे, हे मी अनुभवाने म्हणतो.

सिगार कोरडे पडले पण तडकले नसतील, तर तेही अशाच डब्यात ६२ वर महिनाभर ठेवावेत, मग ६५ वर न्यावेत. घाई केली तर आतली पानं फुगून वरचं पान फाटतं.

किडीचा अनुभव पुढच्या मे महिन्यात आला. एका सिगारच्या अंगावर टाचणीने टोचावं तसं गोल भोक आणि खाली तपकिरी भुगा. हे करणारा तांबूस, गोलसर, दोन-तीन मिलिमीटरचा भुंगेरा फक्त तंबाखूतच नव्हे; साठवलेल्या हळदीत, तिखटात, धण्यातही तो असतो. अंडी पानात आधीपासून असू शकतात आणि उकाड्यात फुटतात. भोक पडलेला सिगार बाहेर काढला. बाकीचे सगळे दोन झिपच्या पिशव्यांत, हवा काढून, पाच दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग एक दिवस बाहेर. पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर थंड पानावर पाणी सुटतं. आणि सिगार कायमचे फ्रिजमध्ये ठेवायचा मोह टाळा. तिथली हवा कोरडी असते आणि लसणीच्या फोडणीचा वास पान धरून ठेवतं.

पेटी आता आतल्या खोलीतल्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात असते, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. दर रविवारी आकडा वहीत लिहितो.

गेल्या दिवाळीत दादा आला. काय काय झालं ते मी त्याला आधीच फोनवर सांगितलं होतं. त्याने उरलेले तेरा मोजले, एक कानाशी धरून मामांसारखाच फिरवला. कुरकुर आली नाही. पुढच्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न रत्नागिरीला आहे आणि पाच सिगार तिकडे न्यायचे आहेत. लग्न जूनमध्ये ठरलं, तर पेटी इथेच राहील. सिगार प्लॅस्टिकच्या डब्यातून जातील, दोन नव्या पुड्या घालून, आणि डबा गाडीच्या डिकीत नव्हे, माझ्या मांडीवर.